गराजमधले ढोल आणि सुचित्राची व्हॅन

सुचित्रा आमच्या घरी पहिल्यांदा आली ती सफाईच्या कामाला. माझा मुलगा बुद्धभूषण आणि सून मैत्री दोघंही नोकरीला जातात, शॉमबर्गमधलं घर मोठं आहे, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तिला बोलावत. मी नुकताच पुण्याहून इथे अमेरिकेत राहायला आलो होतो. मार्केट यार्डात मी हमाली केली, पाठ नाही म्हणेपर्यंत. रिकामं बसायची सवय नव्हती. त्यामुळे दुसरं कोणी काम करत असलं की मी बघत उभा राहतो. सगळ्यांना ते आवडत नाही. सुचित्राला त्याचं काही वाटलं नाही.

तिचं काम बघण्यासारखं होतं. वरून खाली यायची. आधी पंख्याची पाती, मग कपाटांच्या कडा, शेवटी फरशी. लाल फडकं संडासाचं, पिवळं ओट्याचं, आणि ज्यांच्याकडे देवघर असेल त्यांच्यासाठी पांढरं वेगळं. बादली कधी अर्ध्याच्या वर भरली नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, "भरलेली बादली सांडते, काका. मग सांडलेलं पुसण्यात वेळ जातो."

तिथे मला ती पटली. आमच्यातही जो ताकद दाखवायला जास्त उचलायचा, तोच आधी घरी बसायचा.

ती मूळची सांगलीची. तिथे शाळेत भूगोल शिकवत होती. लग्नानंतर इथे आली तेव्हा बरीच वर्षं व्हिसामुळे तिला नोकरी करायची परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर शाळेत जाण्याऐवजी तिने एका ओळखीच्या घरची सफाई घेतली, त्या घरामुळे दुसरं मिळालं, आणि असं करत धंदा उभा राहिला. नवरा प्रसाद विम्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. मध्यंतरी त्याच्या मणक्याचं मोठं ऑपरेशन झालं. आता तो हिंडतो फिरतो, पण वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी कायमचं सांगितलंय. तो सगळ्यांना सांगतो, "मी हिचा मॅनेजर. वजनं ती उचलते, फोन मी उचलतो."

तर गेल्या ऑक्टोबरमध्ये तिची जुनी गाडी हिगिन्स रोडवर बंद पडली. मागच्या सीटा काढून तिने त्या गाडीचा टेम्पो केला होता. गिअरबॉक्स गेला होता आणि दुरुस्तीत अर्थ नाही असं मेकॅनिकने सांगितलं. आणि नेमकं त्याच वेळी तिला एक पाळणाघर आणि दोन दातांचे दवाखाने मिळाले होते. रोजचं काम, नोव्हेंबरपासून सुरू. इतकं पक्कं काम तिला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. गाडी नाही तर काम नाही, कारण गालिचा धुण्याचं मशीन प्रसादच्या छोट्या गाडीत मावत नव्हतं.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आयुष्यभर गाड्या भरल्यात. मला एक जुनी व्हॅन बघायचीय. चला."

मला इंजिनातलं काही कळत नाही, हे मी सांगितलं. ती म्हणाली इंजिन मेकॅनिक बघेल, तुम्ही बाकीचं बघा.

आम्ही दोन व्हॅन बघितल्या आणि सोडल्या. पहिली एका रंगाऱ्याची होती. दार उघडलं तशी थिनरची वाफ अंगावर आली. मालक म्हणाला, वास जाईल. सुचित्रा म्हणाली, तो वास माझ्या फडक्यांना लागेल आणि फडक्यांवरून पाळणाघरात जाईल. दुसरी दिसायला झकास होती. पण इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाड्या खालून खातं. मी पुठ्ठ्यावर झोपून खाली बघितलं आणि दाराखालच्या पत्र्याला बोट लावलं. बोट आत गेलं.

आता ढोलांचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे होती.

इथल्या मराठी मंडळींचं ढोलताशा पथक आहे. गणपतीला वाजवतात, दिवाळीला वाजवतात, आमच्या लोकांनी चौदा एप्रिलचा कार्यक्रम केला तेव्हाही येऊन वाजवून गेले. पण त्यांना स्वतःची जागा नाही. परदेशातल्या मंडळांचं तसंच असतं, सामान कुणाच्या ना कुणाच्या गराजमध्ये राहतं. पथकाची पहिली जागा सुटली तेव्हा सुचित्रा म्हणाली, आमच्याकडे ठेवा. प्रसादच्या ऑपरेशनच्या वेळी सगळा हिवाळा याच लोकांनी तिच्या घरी डबे पोचवले होते. भाकरीपासून सूपपर्यंत. एकही दिवस चुकला नव्हता. तेव्हा ती नाही म्हणूच शकली नसती, आणि म्हणावंसं वाटलंही नसेल. वीसेक ढोल, ताशे, झांजा, ध्वजाचे बांबू, एकावर एक रचलेले. गराज भरलं. तिची गाडी बाहेर उभी राहू लागली.

बाहेर उभी राहणं म्हणजे काय, ते इथला हिवाळा बघितल्यावर कळलं. साबणाचं पाणी गोठतं, फवाऱ्याच्या बाटल्या तडकतात, मॉप बादलीला चिकटून बसतो. सकाळी उठून ती सगळं सामान घरातून गाडीत भरायची आणि संध्याकाळी काढून पुन्हा घरात ठेवायची. तेच ओझं दिवसातून दोनदा, फुकट. तिचा उजवा खांदा दुखायला लागला होता. येत्या हिवाळ्यात रोजचं काम असताना हे जमणार नव्हतं. व्हॅन गराजमध्ये उभी राहायला हवी होती. हे तिला माहीत होतं, प्रसादला माहीत होतं. पण पथकाला ढोल हलवा असं सांगणं तिच्या तोंडून निघेना.

त्यात अनिलला कळलं की सुचित्रा व्हॅन घेतेय.

अनिल पथकाचा प्रमुख. एका मोठ्या ऑफिसात मॅनेजर आहे, माणूस उमदा, आवाज ढोलासारखा. प्रत्येक कार्यक्रमाला ढोल चार-पाच गाड्यांत कोंबून न्यावे लागतात, हे त्याचं जुनं दुखणं. त्याने लगेच फोन केला, की मी पण येतो, अशी व्हॅन घेऊ की सगळं एका खेपेत जाईल. 'घेऊ' म्हणाला. सुचित्राने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

शनिवारी आम्ही तिघं एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. व्यापारी पोलिश म्हातारा होता, डोक्यावर लोकरीची टोपी, बोलणं कमी. अनिलने आपल्या गाडीतून एक ढोल आणला होता. मापाला. तिथे एक उंच छपराची पांढरी व्हॅन उभी होती. अनिलने मागची दारं उघडली, ढोल आत ठेवला, मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं, जणू लग्नाचा हॉल बघतोय. म्हणाला, तीन थर सहज लागतील. म्हाताऱ्याने विचारलं हे काय आहे. अनिलने ढोलावर एक हात टाकला. पलीकडे गाडी बघत असलेलं एक जोडपं दचकून वळलं. म्हातारा नुसता हसला.

खरं सांगायचं तर व्हॅन मलाही आवडली. पत्रा शाबूत, आत माणूस सरळ उभा राहील इतकी उंची, आणि हौदा, म्हणजे माल ठेवायचा तळ, मला हवा तेवढा उंच. मी हौद्याला पाठ लावून बघितली. बरोबर कंबरेवर आला. मी तिला म्हणालो, "ही घे. पाठ टेकवली की ओझं आपोआप सुटतं."

आम्ही दोघे एका बाजूला झाल्यावर ती काय बोलणार? तिने व्हॅनला एक फेरी मारली. दाराला हात लावला, काढला. म्हातारा म्हणाला, पाहिजे असेल तर सोमवारपर्यंत ठेवतो. अनिल आजच करून टाकू म्हणत होता, पण बँकेची वेळ संपली होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. इलिनॉयमध्ये रविवारी गाड्या विकायला बंदी आहे. हा कायदा कुणी कशासाठी केला मला माहीत नाही. तो एक दिवस मिळाला हे मात्र बरं झालं.

रविवारी सकाळी सुचित्राचा फोन आला. उद्या पुन्हा जाऊ म्हणाली, आपण दोघंच, आणि प्रसादच्या मित्राची मोठी गाडी मागून घेतलीय, मशीन बरोबर नेऊ.

सोमवारी अनिल ऑफिसात होता. आम्ही म्हाताऱ्याच्या आवारात गेलो. तिने गालिचा धुण्याचं मशीन उतरवलं, बादली उतरवली, व्हॅक्यूम उतरवला आणि म्हाताऱ्याला विचारलं, की मी हे तुझ्या व्हॅनमध्ये चढवून बघू का? त्याने खांदे उडवले.

तिने मशीन धरलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

हमाल पाठीवर ओझं नेतो. त्याला हौदा उंच लागतो, म्हणजे वाकावं लागत नाही. पण सुचित्रा पाठीवर काही नेत नाही. ती पुढून, दोन्ही हातांत धरून उचलते. तिच्यासाठी तो हौदा पोटाच्या वर होता. मशीन छातीपर्यंत उचलून मग पुढे ढकलायचं. तिने एकदा चढवलं. दुसऱ्यांदा चढवताना उजवा खांदा वर गेला आणि तोंड घट्ट मिटलं. तिसऱ्यांदा तिने उचललंच नाही. मशीन खाली ठेवलं आणि त्याच्यावर हात टेकून उभी राहिली.

मी म्हणालो, "मी माझ्या पाठीने बघितलं."

"रोज तीन ठिकाणी, काका," ती म्हणाली. "चढवायचं आणि उतरवायचं. एक वर्षही निघणार नाही."

म्हातारा टोपीवरून डोकं खाजवत बघत होता. त्याने आम्हाला मागच्या रांगेत नेलं. तिथे एक छोटी करडी व्हॅन होती, फुलवाल्या बाईची. आत अजून ओल्या पानांचा वास होता, आणि एका बाजूला कुंड्या ठेवायची फळ्यांची मांडणी तशीच ठेवलेली. मागची दोन दारं, बाजूला सरकतं दार. आणि तळ तिच्या गुडघ्याच्या जरासा वर.

सुचित्राने मशीन उचललं आणि आत ठेवलं. बाहेर काढलं. पुन्हा ठेवलं. मग बादली बाजूच्या दारातून घातली, फडक्यांचे डबे फळ्यांवर लावून बघितले, लाल खाली, पिवळं मधे, पांढरं वर. चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती, पण हात भराभर चालले होते. मी पुठ्ठा मागितला आणि खाली झोपलो. वरवरचा गंज होता, बोट कुठे आत गेलं नाही. तिच्या मेकॅनिकला तिथूनच फोन केला, तो दुपारी येऊन बघतो म्हणाला.

मग तिने गाडीतून मॉपचा दांडा आणला. त्यावर निळी चिकटपट्टी लावलेली होती. व्हॅनला टेकवून उभा धरला. पट्टी छपराच्या बरीच वर राहिली.

मी विचारलं, पट्टी कसली?

"गराजच्या दाराची उंची," ती म्हणाली. "शुक्रवारीच लावली होती."

म्हणजे शनिवारी त्या उंच व्हॅनभोवती ती फिरत होती तेव्हाच तिला कळलं होतं की ही आत जाणार नाही. बोलली नाही. आमच्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. मी तिला ते ऐकवलं नाही. तिला ठाऊक होतं.

म्हातारा कागद काढू लागला तशी ती म्हणाली, थांबा, आधी एकाशी बोलून येते. मला वाटलं प्रसादशी. पण गाडीत बसल्यावर तिने अनिलच्या ऑफिसचा रस्ता धरला. म्हणाली, आधी व्हॅन घेतली आणि मग सांगितलं तर ते कळवणं झालं, विचारणं नाही. त्यांनी डबे आणले तेव्हा मला विचारून आणले होते.

रस्ता दहा मिनिटांचा असेल. ती वाक्यं जुळवत होती, ओठ हलत होते. एकदा म्हणाली, फार तर पथकातून नाव काढतील. थोड्या वेळाने म्हणाली, स्वानंदीचं काय? स्वानंदी तिची मुलगी, पथकात ताशा वाजवते, सगळ्या मैत्रिणी तिथल्याच. मी म्हणालो, तू आधी बोल तर.

अनिल जेवणाच्या सुट्टीत खाली पार्किंगमध्ये आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात सफरचंद. आम्हाला बघून त्याला वाटलं व्हॅन झाली. पेढे कुठेत विचारलं. सुचित्राने जुळवलेली वाक्यं सगळी सांडली असावीत, कारण ती एकदम म्हणाली,

"अनिलदादा, मी छोटी व्हॅन घेतेय. त्यात ढोल मावणार नाहीत. आणि ती मला गराजमध्ये ठेवायचीय. ढोल हलवावे लागतील. याच महिन्यात."

अनिल सफरचंद खायचा थांबला. मी त्याच्याकडे बघत होतो. माणसावर जड पोतं पडतं तेव्हा चेहरा कसा होतो मला माहीत आहे. इथे उलटं झालं. त्याचे खांदे खाली आले.

"सुचित्रा," तो म्हणाला, "एक सांगू? रागवणार नाहीस ना?"

"सांगा."

"आपल्या पथकातल्या गिरीशच्या ऑफिसच्या तळघरात एक खोली रिकामी आहे. गरम, कोरडी. मार्चपासून तो मागे लागलाय, ढोल तिकडे आणा म्हणून."

"मार्चपासून?"

"तुला कसं सांगणार? तू एवढी वर्षं हौसेने ठेवलेली वस्तू. आम्ही उचलून नेली तर तुला वाटायचं, काय चुकलं माझं. मी प्रतिमाला म्हटलं तू सांग, ती म्हणाली तूच सांग."

प्रतिमा त्याची बायको. सुचित्रा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने विचारलं, "पण गिरीशदादांना एवढी घाई का?"

अनिलने सफरचंदाकडे बघितलं. म्हणाला, "अगं, दोन ढोलांची चामड्याची पानं कुरतडलेली निघाली."

"कशाने?"

"उंदरांनी."

"माझ्या गराजमध्ये? उंदीर?"

"आता हे मी सफाईचा धंदा करणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू?" अनिल म्हणाला. "आम्ही गुपचूप पानं बदलली, यार. लहूकाका, तुम्हीच सांगा, सांगण्यासारखं होतं का हे?"

मी म्हणालो, नव्हतं.

सुचित्राचा चेहरा आधी लाल झाला. मग ती हसायला लागली. अनिलही हसला. ती गाडीच्या बॉनेटला टेकून हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती, आणि ते सगळं हसण्याचं पाणी नव्हतं. ऑफिसातली माणसं जाता-येता आमच्याकडे बघत होती. अनिलने मोठ्या व्हॅनबद्दल एकदाच हळहळ केली, तीन थर लागले असते म्हणाला. मग स्वतःच म्हणाला की वर्षातून आठ-दहा वेळा ट्रक भाड्याने घ्यायला काय हरकत आहे, लोक तेच करतात.

परतताना तिने खिडकी खाली केली. थंडी आत येत होती. मी कोटाची कॉलर वर केली.

दुपारी मेकॅनिक आला. ब्रेक बदलावे लागतील, बाकी ठीक आहे, असं त्याने सांगितलं. व्यवहार झाला. म्हाताऱ्याने किल्ली देताना फळ्यांची मांडणी तशीच राहू देऊ का विचारलं. ती म्हणाली, तीच तर हवीय.

शनिवारी पथकाची मुलं-माणसं ढोल न्यायला आली. मी गराजच्या दाराशी उभा राहिलो. कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं, पण ढोल उचलायला शिकलेली. पोटाशी धरून, गुडघ्यातून उठत होती. मला सांगायला काही उरलं नव्हतं. अनिल मात्र एकाच खेपेत दोन नेऊ बघत होता. त्याला मी थांबवलं. स्वानंदीने आपला ताशा स्वतः नेला आणि जाताना आईला म्हणाली, "फायनली, आई." एवढंच. मोठ्यांची सगळी भीड त्या पोरीला कधीपासून दिसत असावी.

गराज रिकामं झाल्यावर सुचित्राने कुणालाही आत येऊ दिलं नाही. सगळी जमीन दोनदा घासली. कोपऱ्यात पाइपाशेजारी करंगळीएवढं भोक सापडलं, त्यात भांडी घासायच्या तारेचा चोथा ठासला आणि वर सिमेंट लावलं. मग प्रसादने बाहेरून व्हॅन आत घेतली. छप्पर आणि दाराची चौकट यांच्यात चांगली जागा उरली. प्रसाद नारळ आणायला गेला तर ती म्हणाली, जमीन आत्ताच पुसलीय, नारळ बाहेर फोडा. त्याने बाहेर फोडला.

आता जानेवारी आहे. मागच्या आठवड्यात इथे अशी थंडी पडली की आमच्या दाराबाहेर विसरलेलं पाण्याचं भांडं तळापासून फुटलं. मला काळजी वाटली. पहाटे कोट चढवून मी तिच्या घरी गेलो, दोनच गल्ल्या लांब आहे. वाटलं, सामान चढवायला हात लावू.

गराजचं दार वर गेलं. व्हॅनची मागची दारं उघडी होती आणि सामान रात्रीपासून आतच होतं. मी बाटल्या हलवून बघितल्या, पाणी पाण्यासारखं वाजलं. फक्त मशीन सुकायला बाहेर काढून ठेवलेलं होतं. ते तिने गुडघे वाकवून धरलं, सरळ उठली, एक पाऊल पुढे टाकलं आणि आत ठेवलं. खांदा वर गेला नाही. तोंड मिटलं नाही.

"काका, एवढ्या थंडीत कशाला आलात?" तिने विचारलं.

मी म्हणालो, सहज.

ती पाळणाघराच्या कामाला गेली. प्रसादने मला आत बोलावून चहा दिला. मी बसून प्यालो.